लाल रेषेवरून सरळ

९ जुलै

टिंगू,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग खोडलं. खोडलेलं तुला दिसेल म्हणून कागद बदलला, आणि आता हे सांगून बसले, म्हणजे कागद फुकटच गेला.

तुझा फोन एकदा वाजतो आणि तुटतो. शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या फोनवरून केला तर व्यवस्थित वाजत राहिला. त्यावरून काय समजायचं ते समजले. म्हणून पत्र. पोस्टात तिकीट मागितलं तर खिडकीतल्या माणसानं "कसलं?" म्हणून विचारलं. हसू आलं तर हस.

बाबांची तब्येत कशी आहे? उजवा हात थोडा तरी उचलता येतो का? तू त्यांचं शिवणाचं दुकान परत उघडलंस असं वर्गात कळलं. कपडे तू शिवतेस की फक्त माणूस ठेवलायस? वर्गात मी "हो हो, माझं बोलणं झालंय तिच्याशी" असं सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे.

मला सांगायचं ते असं, की मला काम मिळालंय. सरांनी दिलेलं नाही, खरंखुरं, बाहेरचं काम. आपण मार्चमध्ये माझ्या तापाच्या वेळी गेलो होतो ना, ते हॉस्पिटल. जुनी इमारत, नवी इमारत आणि मधली ती बोळकांडी. रक्त तपासणीची खोली शोधता शोधता आपण तीनदा स्वयंपाकघरात जाऊन पोचलो होतो आणि तिसऱ्यांदा तिथल्या बाईनं आपल्याला बसायला स्टूल दिलं होतं. त्यांना आता रस्ता दाखवणाऱ्या खुणा हव्या आहेत. मी जमिनीवर चार रंगांच्या रेषा सुचवल्या. दारापासून निघायच्या आणि त्या त्या विभागापर्यंत जायच्या. लाल म्हणजे ऑपरेशन, हिरवी एक्स-रे, निळी रक्त तपासणी, पिवळी औषधं. पाट्या वाचायला नकोत, कुणाला विचारायला नको. मॅनेजर मॅडमना फार आवडलं.

आपण दोघींनी मिळून काम करायचं ठरवलं होतं, हे मी विसरलेले नाही. पण तू गेलीस आणि काम नंतर आलं. आलेल्या कामाला "थांबा, माझी मैत्रीण येऊ दे" असं कसं सांगणार? तूच सांग.

सरांनी हेच काम शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून चालेल असं सांगितलंय. म्हणजे एका दगडात… जाऊ दे. तुझ्या खाटेवर मी अजून काही ठेवलेलं नाही. फक्त रंगाच्या नमुन्यांची पुस्तकं ठेवलीत. आणि इस्त्रीचे कपडे.

तुझी,
घोळ

२१ जुलै

टिंगू,

पत्र परत आलं नाही. म्हणजे मिळालं. किंवा पोस्टमननं ठेवून घेतलं. तिसरी शक्यता मला सुचत नाही, म्हणजे सुचते, पण लिहीत नाही.

मागच्या पत्रात एक चूक झाली. काम तू गेल्यानंतर आलं असं मी लिहिलं होतं. तसं नाही. आधी आलं होतं. तू मेमध्ये गेलीस आणि मॅडमचा फोन एप्रिलमध्ये आला. तारखांचा माझा नेहमीच गोंधळ होतो, तुला ठाऊक आहेच; नाव उगाच नाही पाडलंस. मी सांगणारच होते. आधी म्हटलं, पक्कं झालं की सांगू. मग पक्कं झालं आणि तुझ्या बाबांचं ते झालं. त्या वेळी काय सांगणार, "ऐक ना, मला काम मिळालं"?

असो. रेषा झाल्या! रंगारी आला होता, पन्नाशीचा, गुडघ्यांना फोम बांधलेला. आधी दोन बाजूंनी चिकटपट्टी लावायची, मधे रंग, आणि अर्धवट वाळला की पट्टी एका दमात ओढायची. "हळू ओढलीत की कड फाटते, ताई," असं म्हणाला. मला पहिल्यांदा कुणीतरी कामावर ताई म्हणालं. मी दोन पट्ट्या नीट ओढल्या आणि तिसरीची कड फाडली.

रंग जरा बदलावे लागले. मॅडम म्हणाल्या, "अगं, हे फारच भडक होतंय. आजारी माणसं येतात इथं. जरा डोळ्यांना शांत दे काहीतरी." मग लाल होता तो विटकरीकडे नेला, आणि हिरवा शेवाळ्यासारखा केला. खरं सांगू? फार सुंदर दिसतंय. करड्या फरशीवर ते चारही रंग असे शेजारी शेजारी निघतात आणि जिन्यापाशी एकेक सुटा होतो, की मी तिथं उभी राहून नुसती बघत होते.

काल फोटो काढायला गेले. नुसत्या फरशीचे फोटो मेल्यासारखे दिसतात, माणूस लागतो. हिरव्या रेषेच्या टोकाला बाकावर एक आजोबा बसले होते, इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. छान बसले होते. मी विचारून फोटो काढला. त्याआधी दारात त्यांनीच मला थांबवलं होतं. "पोरी, त्या खिडकीतल्या बाई लाल रेषेवरून जा म्हणाल्या. जाऊ ना सरळ?" माझी मान अशी ताठ झाली म्हणतेस! म्हटलं, "बिनधास्त जा आजोबा. रेष सोडली नाहीत तर चुकणारच नाही."

फोटो पाठवते आहे.

घोळ

४ ऑगस्ट

टिंगू,

तो फोटो फाडून टाक. किंवा राहू दे. मला कळत नाही.

ते आजोबा लाल रेषेवरून जायला निघाले होते. आणि मी त्यांचा फोटो काढला तो हिरव्या रेषेच्या टोकाला. एक्स-रेच्या दारात. मीच काढला, मीच तुला लिहिलं, दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तुझ्या पडला असेल. वाचल्या वाचल्या पडला असेल.

त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. पोटाचं, तातडीचं. मुलगा परगावी. आजोबा खाली कागदपत्रं करत होते तोवर आजींना वर नेलं. आत नेण्याआधी एकदा भेटू देतात म्हणून आजोबांना "लाल रेषेवरून या" सांगितलं. ते दीड तास एक्स-रेच्या बाकावर बसून राहिले. वर त्या आजी विचारत होत्या, "आले का हो?" नर्स म्हणत होती, "येतायत, येतायत." आजींचा चष्मा आजोबांच्या पिशवीत होता, त्यामुळे दारातून कुणीही आत आलं की त्यांना वाटायचं तेच आले. शेवटी डॉक्टरांना थांबता येईना. तशाच आत गेल्या.

हे मला मॅडमनी परवा सांगितलं. तक्रार म्हणून नाही, बोलता बोलता. "एक जण चुकला बघ तुझ्या रेषेवर. शेकडो माणसं बरोबर जातात, एखादा निघतोच असा."

आजी दोन दिवस शुद्धीवर नव्हत्या. मग आल्या. आता वॉर्डात आहेत. मी गेले होते बघायला. म्हणजे दारापर्यंत गेले. आजोबा बाहेर आले, मला ओळखलं, आणि तेच मला म्हणाले, "पोरी, तू नीट सांगितलं होतंस. मीच धांदरट."

मी म्हटलं, "आजोबा, तिथं दोन रेषा होत्या…"

त्यांनी दाराकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "मला त्या दोन्ही सारख्याच दिसतात गं. पहिल्यापासून. घरी ठाऊक नाही. तू बोलू नकोस कुठं."

पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि घरी ठाऊक नाही! कच्चा टोमॅटो आणला की "लक्ष कुठे असतं तुमचं" म्हणून बोलणी खायची, पण सांगायचं नाही. मी मान डोलावली आणि जिन्यावरून खाली आले, आणि खाली येता येता माझा पाय कुठल्या रेषेवर पडतोय तेच मला कळेना.

सरांना विचारलं. म्हणाले, "रंग क्लायंटनं मंजूर केले होते ना? लेखी आहे ना? मग तुझा दोष नाही." आईला फोन केला तर ती म्हणाली, "आजी बऱ्या आहेत ना? मग झालं तर." सगळे बरोबर बोलतायत. मग मला जेवण का जात नाहीये?

घोळ

९ ऑगस्ट

टिंगू,

आज नीट लिहिते. चार वेळा सुरुवात केली. हे पत्र अर्ध्यावर टाकून दिलंस तरी चालेल, पण मी पूर्ण लिहिणार आहे.

रेषांची कल्पना माझी नाही. तुझी आहे. मार्चमध्ये त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तू वहीत काढलीस, मी तापानं भिंतीला टेकून बघत होते. दुसऱ्या दिवशी मी एकटी रिपोर्ट आणायला गेले, तिथं मॅडम भेटल्या, मी म्हटलं तुमच्याकडे माणूस हरवतो. त्या म्हणाल्या, "मग काढून दाखव काहीतरी." मी काढून दाखवलं. तुझंच. 'आम्ही' म्हणायला तोंड उघडलं होतं आणि 'मी' बाहेर पडलं. एवढंच. मग रोज वाटायचं उद्या सांगू.

पण खरी गोष्ट ती नाही. तुझ्या वहीत प्रत्येक रेषेवर आकार होते. लालवर त्रिकोण, हिरवीवर गोल, निळीवर चौकोन, पिवळीवर फुली. दर चार पावलांवर एक. मी ते काढून टाकले. मॅडमना मी असं सांगितलं की आकारांनी गर्दी होते, नुसत्या रेषा नितळ दिसतात. सरांनाही तेच सांगितलं आणि ते म्हणाले, वा, तुला वगळता येतंय. खरं कारण हे, की आकार खोडले की ते तुझं दिसत नव्हतं. माझं वाटत होतं.

तू जायच्या आदल्या दिवशी टेबलावर तो कागद पाहिलास. बॅग भरत होतीस, हातात टॉवेल होता. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त विचारलंस, "आकार कुठे गेले?"

आणि मी म्हटलं, "कसले आकार?"

टिंगू, मला माहीत होतं कसले. मी तुमच्या घरी चार दिवस राहिले आहे. दुकानातल्या फळीवरची दोऱ्यांची रिळं मी पाहिली आहेत. प्रत्येक रिळाच्या बुडाला पेन्सिलीनं काहीतरी काढलेलं, गोल, त्रिकोण, फुली. तूच सांगितलंस, बाबांना लाल-हिरवा कळत नाही, एकदा कुणाच्या तरी हिरव्या झग्याला लाल टीप घातली आणि गिऱ्हाईक सगळ्यांसमोर बोललं. तेव्हा तू शाळेतसुद्धा जात नव्हतीस, अक्षरं येत नव्हती, म्हणून आकार काढलेस. आणि त्यांनी ते पुसले नाहीत, नव्या रिळांवरही तुझ्याकडूनच काढून घेतले. मी ते रीळ हातात धरून "किती गोड" म्हटलं होतं. गोड!

म्हणजे मला ठाऊक होतं, बघ. न कळून झालेली चूक नाही ही. तुझ्या वडिलांचे डोळे ठाऊक असताना मी ते आकार खोडले आणि ते आजोबा जाऊन बाकावर बसले.

काल मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं, फक्त आजोबांचं गुपित सांगितलं नाही. त्या फायलीतून वर न बघता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आता त्रिकोण-बिकोण? रंगारी पुन्हा बोलवायचा, पुन्हा दोन दिवस बोळ बंद. समिती मला वेड्यात काढेल. चाललंय ना नीट?"

"नाही चाललेलं, मॅडम. ज्याचं चुकतं तो सांगत नाही. तो स्वतःलाच धांदरट म्हणून घरी जातो."

त्यांनी मग वर पाहिलं. "आणि ती मुलगी कुठं आहे?"

"गावी. तिच्या वडिलांना…"

"तिला बोलव की मग. तुझ्याशी कशाला बोलत बसलेय मी?"

मी एवढंच म्हटलं की रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, मी एकटी येऊन करीन, रंगारी नको. त्या बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिल्या. मग "बघू" म्हणाल्या. या शब्दाचा अर्थ मला आजतागायत समजलेला नाही, पण मी तो 'हो' असा घेतलाय.

क्षमा मागायला हे पत्र लिहिलं का? बहुधा हो. पण मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आधीच काय कमी ओझं आहे. म्हणून मागत नाही. की ही पण माझी सोयच? काही कळत नाही मला.

घोळ

२ सप्टेंबर

टिंगू,

तीन रविवार झाले. जाड पुठ्ठ्याचे आकार कापून स्टेन्सिल केलेत. रंगाऱ्याकडे जाऊन त्याचे गुडघ्याचे फोम मागून आणले. त्यानं स्पंजानं रंग कसा टिपायचा ते दाखवलं, "ब्रश नको, खाली पाझरतो." पहिल्या दिवशी सगळे त्रिकोण पाझरले. कापसाच्या बोळ्यानं पुसून परत. आता बरे होतात. पाठ मात्र माझी राहिलेली नाही, कुणा म्हातारीची आणून बसवल्यासारखी वाटते.

चौकशीच्या खिडकीतल्या मावशी आल्या गेल्याला "लाल रेष, त्रिकोणाची" असं सांगायला लागल्यात. मी सांगितलं नव्हतं, आपणहून.

आजोबा-आजी सोमवारी तपासणीला आले होते. आजी काठी घेऊन, पण स्वतःच्या पायांनी. रविवारी पाझरलेल्या कडा पुसायला गेलेली मी जमिनीवरच बसले होते. आजोबा थांबले, खाली बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्रिकोणांवरून चालू लागले. आजी मागून ओरडल्या, "अहो, विचारा तरी कुणाला!" ते म्हणाले, "नको, सापडतंय." मला वाटलं होतं आता मला बरं वाटेल. थोडं वाटलं. मग आजींच्या डोळ्यांवरचा चष्मा दिसला आणि परत नाही वाटलं.

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर आपल्या दोघींची नावं घातली. तुझं आधी. सर म्हणाले, "हा वैयक्तिक प्रकल्प आहे. दोन नावं असतील तर मला धरता येत नाही." म्हटलं, मग नका धरू. म्हणाले, "सहा महिने मागं पडशील. नीट विचार कर, भावनेच्या भरात बोलू नकोस." विचार केला. भावनेचा भर होता की नाही तेही ठरवता आलं नाही. नाव ठेवलं. आता नवा प्रकल्प, नवा विषय, निकाल पुढच्या वर्षी. आई दोन दिवस बोलली नाही. मग फोन करून विचारलं, "ती मुलगी तरी बोलते का तुझ्याशी?" मी म्हटलं, नाही. आई म्हणाली, "मग हे सगळं कशासाठी गं?"

ते मलाही कुणीतरी सांगायला हवंय.

घोळ

२० सप्टेंबर

टिंगू,

काल तुझं कार्ड आलं. पोस्टमननं खोलीच्या दाराखालून सरकवलेलं. मी ते उभ्यानं वाचलं, बसून वाचलं, उलटं करूनही पाहिलं. वर नाव नाही, खाली सही नाही. मधे दोन ओळी, तुझ्या त्या बारीक तिरक्या अक्षरात:

"जिन्यापाशी दुसरा त्रिकोण फिरलाय. टोक दाराकडं आहे, माणूस त्याला बाण समजून मागे वळतो."

हे तुला घरबसल्या कसं कळलं, असा प्रश्न मला आधी पडलाच नाही. मग शिक्का पाहिला. शिक्का आपल्याच पोस्टाचा आहे.

चपला कशा घातल्या आठवत नाही. हॉस्पिटलात गेले, जिन्यापाशी दुसरा त्रिकोण, खरंच फिरलेला. शेवटच्या रविवारी थकून स्टेन्सिल वाकडं धरलं असणार. मावशींना विचारलं, "एक बुटकीशी मुलगी आली होती का हो, जाड फ्रेमचा चष्मा?"

"आली होती की. गुरुवारी. वडील होते बरोबर, हात गळ्यात बांधलेला." मावशी खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. "दाखवायचंय का कुणाला म्हटलं, तर म्हणाली, नाही, फक्त चालायचंय. वडील पुढं, ही मागं चांगली दहा पावलं. चारही रेषांवरून जाऊन आले. बोलली नाही बघ वाटेत एक शब्द, ते काय करतात ते बघत होती नुसती. जिन्यापाशी ते एकदा मागं वळले, तिथं तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. बाकी कुठं अडले नाहीत. शेवटी वर ऑपरेशनच्या बाकावर बसले दोघं. वडील हसत होते."

तू बाबांना घेऊन पाच तासांची गाडी करून आलीस. माझ्या खोलीवरून गेलीस. आणि मला भेटली नाहीस. ते मला समजतंय. कार्ड टाकलंस. ते मला समजत नाहीये. कालपासून मी या दोन्ही गोष्टी आलटून पालटून बघतेय.

आज सकाळी त्रिकोण खरवडून टोक फिरवलं. वाळेपर्यंत वर बाकावर बसले, तिथंच हे लिहितेय. पोस्टात टाकलं तर तुला परवा मिळेल. दुपारच्या गाडीनं निघाले तर संध्याकाळी मी स्वतःच दुकानाच्या दारात असेन. मी गाडीनं निघतेय. हे पत्र दाराखालून आत सरकवीन आणि बाहेर थांबेन. आत ये म्हणायची गरज नाही. नाही म्हणालीस तर तशीच परतीची गाडी पकडीन. पण ते दार उघडून, माझ्याकडं बघून म्हण.

घोळ